एफएम डब्याची खरखर परत परत का येते? चिप बदलण्याआधी हे तपासा

तक्रार अशी असते. रिचार्जवर चालणारा एफएमचा डबा दिवसा छान वाजतो आणि दिवेलागणीला खरखरायला लागतो. ऑटो-स्कॅन केले की एका ठिकाणी नुसताच थांबतो, तिथे ना गाणे ना खरखर. दुरुस्तीला नेला की ‘चिप गेली’ असे सांगून चिप बदलून मिळते, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मीसुद्धा एका डब्याची चिप दोनदा बदलली आहे. दोन्ही वेळा काढलेली चिप चांगली होती, हे तिसऱ्या खेपेला कळले. ते कसे कळले आणि आता मी कोणत्या क्रमाने तपासतो ते सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात असे डबे घरोघरी आहेत आणि त्यातले कितीतरी विनाकारण भंगारात जातात.

डबा पूर्व भागातल्या एका अक्कांचा. त्या घरी विड्या वळतात. सकाळी आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रापासून रेडिओ सुरू होतो तो रात्री सूप बाजूला ठेवेपर्यंत चालू असतो. हात गुंतलेले, नजर पानावर, त्यामुळे टीव्हीचा उपयोग नाही. दिवसभराची सोबत ती एवढीच. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “दादा, तुमच्याकडं असताना वाजतोय ओ, घरी गेला की बिघडतोय.” निदान खरे तर त्यांनीच केले होते. मी ते दोन महिने ऐकले नव्हते.

आधी चिपविषयी थोडे, म्हणजे पुढचे लक्षात येईल. या डब्यांत, खिशातल्या रेडिओत आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दोन चिपा नेहमी भेटतात. एक फिलिप्सची टीईए५७६७. फिलिप्सचा हा सेमीकंडक्टर विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. दुसरी आरडीए५८०७, ही चिनी कंपनीची. सिलिकॉन लॅब्जची एसआय४७०३ अधूनमधून दिसते. जुन्या एफएम रेडिओत धातूच्या छोट्या डब्यांत बसवलेल्या कॉइल आणि १०.७ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर असायचा. कॉइल थोड्या हलल्या की ट्यूनिंग गेले, मग स्क्रूड्रायव्हरने पुन्हा जुळवत बसायचे. या नव्या चिपांत ते बहुतेक सगळे आतच असते. बाहेर ३२.७६८ किलोहर्ट्झचा, म्हणजे मनगटी घड्याळात असतो तसला ठरावीक ठेका देणारा छोटा क्रिस्टल, काही कपॅसिटर, टीईएला जुळवाव्या न लागणाऱ्या काही छोट्या कॉइल, अँटेना, बस्स. टीईए५७६७ दहा-पंधरा मिलिअँपिअर खाते, आरडीए५८०७ वीसच्या आसपास. हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर नुसती चिप पन्नास तास चालेल. तेव्हा डबा तीन तासांत बसत असेल तर चिपेकडे पाहू नका, अँप्लिफायर, एलईडीची रोषणाई नाहीतर मेलेली बॅटरी पाहा.

मुद्दा असा की चिपेत बिघडण्यासारखे फार थोडे असते. ती जाते ती बहुतेक जास्त व्होल्टेज मिळाल्याने. आणि इथे एक खड्डा आहे. टीईए५७६७ ला २.५ ते ५ व्होल्ट चालतात. आरडीए५८०७एम ला २.७ ते ३.३. दोघींची छोटी दहा पायांची मॉड्यूले (चिप बसवलेल्या पाट्या) जवळजवळ सारखी दिसतात, एकीच्या जागी दुसरी बसतेसुद्धा. जुने टीईए मॉड्यूल काढून त्याच जागी आरडीए लावले आणि तिथे पाच व्होल्ट येत असले, तर ती लगेच तरी जाते किंवा काही दिवस आजारी माणसासारखी चालते. थेट लिथियम बॅटरीवर जोडणेही चूक. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. मॉड्यूल बदलायच्या आधी मल्टिमीटर लावून तिथे किती व्होल्ट आहेत ते बघा, मगच सोल्डरिंग आयर्न गरम करा.

आता अक्कांचा डबा. माझ्या टेबलावर तो उत्तम वाजत होता, म्हणून संध्याकाळी सात वाजता मी तो घेऊन त्यांच्या घरीच गेलो. बरोबर माझे तपासणीचे किट होते: आरडीए५८०७ चे एक मॉड्यूल, छोटा कंट्रोलर (चिपेला हुकूम देणारी प्रोग्रॅमची चिप), दोन ओळींचा डिस्प्ले आणि ७५ सेंटिमीटर तार. ही चिप सिग्नलची ताकद ० ते १२७ या आकड्यात सांगते. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने असे किट करून ठेवावे, असे मला मनापासून वाटते. कानाला जे ‘खराब’ वाटते ते नेमके काय आहे, हे या एका आकड्याने अर्धे तरी उलगडते.

एक खोली, वर पत्रा, एक खिडकी. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ. डबा त्यांच्या डोक्याशी, लाकडी फळीवर. फळीच्या बरोबर वर वीतभर अंतरावर एलईडीचा बल्ब. दारात उभे राहून स्टेशन लावले तर आकडा ४२ होता. आत फळीपाशी २८. पत्र्याच्या घरात सिग्नल खिडकीतून आणि दारातूनच येतो, त्यामुळे एवढे उतरणारच. पण २८ ला बोलणे स्वच्छ ऐकू यायला पाहिजे होते, आणि येत नव्हते.

मग मी स्टेशन सोडून मोकळ्या जागेवर गेलो, जिथे काहीच लागत नाही अशा फ्रिक्वेन्सीवर. तिथे बल्ब चालू असताना आकडा २३. अक्कांना म्हटले, “जरा दिवा बंद करता का?” बटण दाबले आणि आकडा १४ वर आला. पुन्हा लावला, पुन्हा २३. डबा चालू केला तर दिवा बंद असताना बातम्या स्वच्छ, दिवा लावला की खरखर. दिवेलागणीचे कोडे सुटले. दिवसा दिवा बंद, म्हणून रेडिओ चांगला. माझ्या टेबलावर ट्यूबलाइट आहे, म्हणून तिथेही चांगला.

स्वस्त एलईडी बल्बमध्ये जे छोटे सर्किट असते ते वीज फार वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवते. फिल्टर नीट नसला की त्याचा गोंगाट पार एफएमच्या पट्ट्यापर्यंत पसरतो. ‘एफएमला खरखर होत नाही’ हे अर्धेच खरे आहे. सिग्नल गोंगाटाच्या बराच वर असेल तोवर एफएम रिसीव्हर तो गोंगाट छाटून टाकतो. दोघे जवळ आले की एकदम हार मानतो. २८ आणि १४ मध्ये अंतर होते, २८ आणि २३ मध्ये ते उरले नव्हते. म्हणून नुसत्या स्टेशनच्या आकड्यावर जाऊ नका. स्टेशनचा आणि मोकळ्या जागेचा असे दोन्ही आकडे घ्या आणि मधले अंतर बघा. आकडा वाढला आणि आवाज बिघडला, तर वाढला तो गोंगाट.

बल्ब बदलला, चांगल्या बनावटीचा लावला, डबा खिडकीकडे सरकवला. खरखर बरीच गेली, तरी पूर्ण नाही. मग डबा तिथेच उघडला.

आत जे दिसले त्यामुळे मला माझ्या दोन्ही दुरुस्त्यांचा अर्थ लागला. अँटेना म्हणजे एक बारीक वायर, गरम गोंदाने कडेला चिकटवलेली. मी दोन्ही वेळा चिप बदलताना तीच वायर पुन्हा गोंदाने चिकटवली होती. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात, पत्र्याखालच्या खोलीत तो गोंद मऊ पडून सुटला होता आणि वायर घसरून अँप्लिफायरच्या बोर्डावर आडवी पडली होती. या डब्यांत पीएएम८४०३ सारखा क्लास-डी अँप्लिफायर असतो. तो आवाज देताना स्पीकरच्या वायरींवर सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि त्या वायरी स्वतःच छोट्या ट्रान्समीटरसारख्या वागतात. अँटेना त्यांच्या अंगावर पडली की संपलेच. चिप बदलायला डबा उघडला की वायर जागेवर जायची, रेडिओ सुधारायचा, आणि श्रेय मी चिपेला द्यायचो. आठ-दहा दिवसांनी गोंद सुटला की तक्रार परत. नवी चिप दुरुस्त काहीच करत नव्हती.

म्हणून आता डबा उघडला की आधी काहीही न काढता मी अँटेनाची वायर लाकडी काडीने उचलून इकडेतिकडे हलवतो आणि आवाज ऐकतो. बोटाने नाही, बोट लावले की शरीरच अँटेना होते आणि खोटा निकाल मिळतो. वायर हलवल्यावर आवाज बदलत असेल तर दोष चिपेत नाही, वायरीच्या जागेत आहे. स्पीकरच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन जेवढ्या आखूड करता येतील तेवढ्या करतो, अँटेना त्यांच्यापासून समोरच्या बाजूला नेतो. अँटेनाची लांबी हा दुसरा प्रश्न. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर, तिचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर. डब्यात कारखान्यातून दहा-पंधरा सेंटिमीटरच वायर येते. मी ती ७५ सेंटिमीटरची करतो, निम्मी-अधिक डब्याबाहेर मोकळी सोडतो. गुंडाळून आत कोंबली तर वाढवल्याचा काही उपयोग नाही.

अक्कांच्या डब्यात आणखी एक साधी गोष्ट केली: मोनो. स्पीकर एकच, पण चिप स्टिरिओत चालू होती. स्टिरिओला स्वच्छ वाजायला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त ताकदीचा सिग्नल लागतो. आरडीए५८०७एम च्या २ नंबरच्या रजिस्टरमध्ये (चिपेतला सेटिंगचा कप्पा) १३ वा बिट १ केला की मोनो. कंट्रोलरचा प्रोग्रॅम आपल्या हातात नसलेल्या तयार डब्यात हे शक्य नसेल तर सोडून द्या, पण स्वतः बनवलेल्या रेडिओत पहिल्यांदा हेच करून पाहा, पैसा लागत नाही.

राहिला तो मुका थांबा. स्कॅन दर वेळी ९६.० वर थांबत होता. तिथे खरखरही नव्हती, एकदम शांतता. स्टेशन नसलेल्या जागी खरखर असायलाच हवी. शांतता याचा अर्थ तिथे एक लहर आहे, पण तिच्यावर आवाज चढवलेला नाही. ती लहर बाहेरून येत नव्हती. डब्यातल्या एमपी३ बोर्डावर २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, आणि २४ चोक ९६. क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीच्या पूर्ण पटीतल्या लहरी वर एफएम पट्ट्यात येऊन पडतात आणि चिप त्यांना स्टेशन समजते. ९६ हा आकडा या बाबतीत विशेष बदनाम आहे: १२ अठ्ठे ९६, १६ सक ९६, ८ बारे ९६. कंट्रोलरवर यातला कोणताही क्रिस्टल असला तरी मुके स्टेशन ९६.० वर भेटू शकते. १२ वाला १०८ वरही भेटतो. १३ वाला ९१ आणि १०४ वर, २६ वाला १०४ वर. डबा उघडून क्रिस्टलवरचा आकडा वाचा आणि पट काढून बघा. बसला गुणाकार तर चिपेचा काही दोष नाही.

उपाय दोन प्रकारचे. एक, एफएम मॉड्यूलला पुरवठा देणाऱ्या वायरीत १० ओहमचा रेझिस्टर किंवा फेराइट बीड (गोंगाट अडवणारा छोटा मणी) आणि मॉड्यूलच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सोबत ०.१ चा. अँप्लिफायरची ग्राउंड वायर एफएम मॉड्यूलमधून न नेता सरळ बॅटरीपर्यंत. याने आवाज मोठा केल्यावर ठेक्यागणिक येणारी खरखरही जाते, कारण ती अँप्लिफायरने बॅटरीचे व्होल्टेज खाली ओढल्यामुळे येत असते. दोन, प्रोग्रॅम आपल्या हातात असेल तर स्कॅनचा उंबरठा, म्हणजे किती सिग्नलला थांबायचे ती मर्यादा, वाढवा. आरडीए५८०७एम मध्ये तो ५ नंबरच्या रजिस्टरमध्ये चार बिटांत असतो, मूळचा ८. टीईए५७६७ मध्ये तीन पायऱ्या आहेत, सिग्नल ५, ७ किंवा १० ला थांब अशा. पत्र्याच्या घरात उंबरठा फार वाढवला तर खरी स्टेशनेही निसटतात, तेव्हा जिथे रेडिओ वाजणार तिथेच बसून ठरवा.

कॉलेजची मुले वेगळी तक्रार घेऊन येतात: एकच स्टेशन दोन ठिकाणी लागते, किंवा खऱ्या जागी न लागता ०.४५ मेगाहर्ट्झ बाजूला लागते. हे टीईए५७६७ चे खास दुखणे आहे आणि त्यामागचे कारण सुंदर आहे. रेडिओ स्टेशनला आधी एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवतो, आणि तिच्या दुप्पट अंतरावरचे दुसरे काहीही तिथेच उतरते; तीच खोटी प्रतिमा. जुन्या रेडिओत मधली फ्रिक्वेन्सी १०.७ मेगाहर्ट्झ, म्हणून खोटी प्रतिमा दुप्पट अंतरावर, २१.४ वर पडायची. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८, रुंदी २०.५. प्रतिमा आपोआप पट्ट्याबाहेर! टीईए५७६७ ने फिल्टर चिपेत मावावा म्हणून मधली फ्रिक्वेन्सी २२५ किलोहर्ट्झवर आणली, आणि प्रतिमा ४५० किलोहर्ट्झवर, म्हणजे अगदी शेजारच्या घरात आली. जोरदार स्टेशनची सावली तिथे पडते.

हे टाळायला चिपेत एक बिट आहे, आतला ऑसिलेटर (स्टेशन उतरवायला लागणारी लहर तयार करणारा भाग) स्टेशनच्या वर चालवायचा की खाली ते ठरवणारा. आकडा काढताना वरच्या बाजूला २२५ किलोहर्ट्झ मिळवायचे, खालच्या बाजूला वजा करायचे, चारने गुणायचे आणि ३२,७६८ ने भागायचे. १०० मेगाहर्ट्झसाठी वरच्या बाजूने १२,२३४ येते, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत, २एफसीए. मुले कुठला तरी तयार कोड उचलतात, बिट एका बाजूचा आणि आकडा दुसऱ्या बाजूचा, मग स्टेशन बरोबर ४५० किलोहर्ट्झ सरकते. दोन्ही एकाच बाजूचे आहेत ना, ते पाहा. त्यानंतर स्टेशनच्या ४५० वर आणि ४५० खाली सिग्नलची पातळी वाचा आणि ज्या बाजूला सिग्नल कमी असेल त्या बाजूला ऑसिलेटर ठेवा. सावलीचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच मिटतो. शिवाय ही चिप मोजलेली मधली फ्रिक्वेन्सी परत देते. ती हेक्स ३१ ते ३ई या दरम्यान असेल तरच स्टेशन खरे धरा.

आवाज दबल्यासारखा वाटत असेल तर डी-एम्फसिस बघा, म्हणजे प्रक्षेपणात वाढवून पाठवलेले वरचे सूर पुन्हा उतरवण्याचे माप. आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद लागतो, अमेरिकेत ७५. परदेशी कोड तसाच चढवला की वरचे सूर मारले जातात. आरडीएच्या ४ नंबरच्या रजिस्टरमधला ११ वा बिट १ केला की ५० होतो.

इअरफोनवर चालणारे खिशातले रेडिओ आणि मोबाइल यांची गोष्ट निराळी. तिथे इअरफोनची वायर हीच अँटेना. जॅकचे ग्राउंड थेट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले नसते, मध्ये एक छोटी कॉइल असते. तिच्यातून आवाज जातो आणि एफएमचा सिग्नल अडून चिपेकडे वळतो. जॅक बदलताना ती कॉइल तुटली म्हणून कुणी तिथे सरळ तार टाकली की गाणी वाजतात, ब्लूटूथ चालते, फक्त एफएम मरतो. असे दोन मोबाइल माझ्याकडे आले होते. वायर नसलेले इअरबड लावून एफएम का लागत नाही, याचेही उत्तर तेच. ज्या ब्लूटूथ डब्यांत चार्जिंगची केबल अँटेनाचे काम करते, तिथे केबलचे दुसरे टोक चार्जरला न लावता मोकळे सोडून ऐका. चार्जर लावला की त्याचा गोंगाट थेट अँटेनात उतरतो.

चिपेचा किंवा तिच्या अंगच्या भागाचा खरा दोष मी एकाच लक्षणावरून धरतो: संपूर्ण पट्ट्यात सारखी खरखर, वायर हलवून फरक नाही, पुरवठा बरोबर आणि चिप आय-टू-सीवर (कंट्रोलरशी बोलण्याच्या दोन तारा) उत्तर देते पण ट्यून झाल्याचे सांगतच नाही. डबा वरून पडला असेल तर तेव्हाही आधी ३२.७६८ चा क्रिस्टल बदला. तो आतून तडकतो, बाहेरून दिसत नाही, आणि चिपेपेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

अक्कांच्या डब्याची वायर या वेळी गोंदाने चिकटवली नाही. कडेला दोन भोके पाडली आणि बांधायला काही शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी सुपातले रीळ पुढे केले. विडीच्या दोऱ्याने तीन ठिकाणी गाठ मारली, उरलेली वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून वर नेली. दिवा लावला, आवाज पूर्ण मोठा केला, स्कॅन केले. ९६ वरून पुढे गेला. दोन उन्हाळे झाले, दोरा आहे तिथेच आहे. तेव्हापासून असा कुठलाही डबा मी दिवसा परत देत नाही. संध्याकाळी सातनंतर, ज्यांचा असेल त्यांच्या घरी, त्यांचा दिवा लावून एकदा वाजवतो.